चादरीचं चौथं टोक

मित्रांनो, मी एक जुना, एकाच पंखाचा भुंगा आहे. घाबरू नका, चावणारा नव्हे. मी माणसाशिवाय उडणारं एक छोटं विमान आहे. तुम्ही ज्याला ड्रोन म्हणता, त्याच कुळातला. फक्त माझ्या डोक्यावर चार भिरभिरी नाहीत. मला घारीसारखे दोन लांब पंख होते आणि शेपटीपाशी एक पंखा होता. त्यातला एक पंख गेला आणि पंखा वाकला. आता मी डोंगरावरच्या एका दवाखान्यात, औषधांच्या खोलीत, छताच्या तुळईला दोन दोऱ्यांनी टांगलेला असतो. माझ्या खाली खोकल्याच्या औषधांची खोकी रचलेली आहेत. खिडकीतून वारा आला की मी जरासा डोलतो आणि मला क्षणभर वाटतं, उडालोच की मी. मग दोरी कुरकुरते आणि मी भानावर येतो.

माझा जन्म एका सुतारकामाच्या शेडमध्ये झाला. तिथले मिस्त्री दारं-खिडक्या करत, आणि त्यांची लेक इंजिनांत हात घालत असे. लहान असताना तिने गवत कापायच्या यंत्राचं इंजिन उघडलं होतं. परत जोडलं तेव्हा तीन स्क्रू उरले, पण यंत्र ठणठणीत चाललं. तेव्हापासून मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या पोरीनं यंत्राचं ओझं हलकं केलं." मोठेपणी तिने तेच इंजिन माझ्या पाठीत बसवलं. म्हणून माझा आवाज इतर विमानांसारखा नव्हता. मी गुरगुरायचो. जाडजूड भुंगा फुलात शिरताना गुरगुरतो, तसा.

पंख मिस्त्रींनी केले. हलक्या लाकडाच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या, त्यावर ताणलेलं कापड. रंग वाळला की ते मला दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून उचलत आणि डोळे मिटून उभे राहत. मी जराही कुठे झुकलो की म्हणत, "नाकात जडावलाय." मग पोरगी कुठूनतरी गुंजभर शिसं काढी. असं त्यांनी अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी मिस्त्री नुसते हसले. तो माझा वाढदिवस.

माझ्या पोटाखाली चार बोल्ट होते. हे बोल्ट लक्षात ठेवा मित्रांनो, माझी सगळी कहाणी त्यांच्यावरच आवळलेली आहे. त्या बोल्टांना काहीही बसवता येई. कॅमेरा बसवा, बियांची पिशवी बसवा, औषधांची पेटी बसवा. तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या कागदावर एक शब्द लिहिला: 'बहुउपयोगी'. मिस्त्रींनी खाली सही केली. मला तो शब्द फार आवडला. कितीतरी दिवस मी तो स्वतःशीच घोळवत होतो. आपण पुष्कळांच्या उपयोगी पडणार, एवढाच त्याचा अर्थ असेल असं मला वाटत होतं.

सुरुवातीला मी दरडींचे फोटो काढले. एकदा एका मेंढपाळाच्या हरवलेल्या सतरा मेंढ्या शोधून दिल्या. तो मेंढपाळ पलीकडच्या डोंगरावरचा. तिथे शंभरेक घरं, एक शाळा आणि हा दवाखाना. वर जायचा रस्ता वर्षातले सहा महिने दरडींखाली असे. उरलेल्या पाऊलवाटेने दोन दिवस लागत. मेंढपाळ खाली शेडमध्ये आला, मिस्त्रींच्या लेकीसमोर बसला आणि म्हणाला, "माझ्या मेंढ्या शोधल्यास, बरं झालं. पण पोरी, मेंढीला ताप आला तर मी झाडपाला देतो. माणसाला ताप आला की आम्ही नुसते रस्त्याकडे बघतो."

तिने त्याच आठवड्यात मला पेटी बसवली.

दोन दिवसांची वाट मी चाळीस मिनिटांत कापली. पेटीला छोटीशी कापडी छत्री होती. दवाखान्यावर येऊन मी पेटी सोडली, ती डुलत डुलत गेली आणि खडकावर आपटली. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंचा निरोप आला: "औषध पोचलं. काचेसकट."

नर्सबाई म्हणजे त्या दवाखान्याच्या सर्वेसर्वा. डॉक्टर वर्षातून दोनदा येत, नर्सबाई वर्षभर असत. त्यांनी दवाखान्यातल्या पलंगांच्या चार पांढऱ्या चादरी एकत्र शिवून एक भलीमोठी चादर केली. पुढच्या खेपेला मी आलो तेव्हा अंगणात चौघं चार टोकं धरून उभी होती: नर्सबाई, शाळेतले गुरुजी, मेंढपाळ, आणि घरोघरी दूध घालणारी मेंढपाळाची लेक. चादर कमरेच्या उंचीवर ताठ. मी पेटी सोडली. ती चादरीत पडली, एकदा उसळली आणि शांत झाली. एकही बाटली फुटली नाही. वरून पाहताना मला वाटलं, एवढ्या मोठ्या डोंगराने माझ्यासाठी एक तळहात पुढे केला आहे.

आता आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. डोंगराआधी एक खिंड लागते. तिथला वारा शेपटीला धक्का देतो. मिस्त्रींची लेक खाली शेडमध्ये पडद्यापुढे बसून मला हाकत असे. खिंडीत शिरलो की तिचा अंगठा हाकायच्या कांडीवर दोनदा दाबला जाई. घुर्र, घुर्र. दोन गुरगुरण्यांत मी वाऱ्यातून सुटत असे. तो आवाज डोंगरावर ऐकू जाई. नर्सबाईंचे कान फार तिखट. रोगी तपासता तपासता त्या उठत, "आलं गं," म्हणत आणि चादर काखेत मारून अंगणात येत. बाकीचे तिघं हातातलं काम टाकून धावत. होता होता तोच आमचा इशारा ठरला. कुणी ठरवला नाही, आपोआप ठरला. दोनदा गुरगुरलं की चादर धरायची.

मुलांनी माझं गाणं केलं. टाळ्या वाजवत म्हणायची:

*भुंगा आला, भुंगा आला, खिंड ओलांडून,*
*पोटामधली पुडी दे रे, पंख सांभाळून.*
*चार टोकं, चार हात, मध्ये पांढरं तळं,*
*तळ्यात पडलं औषध, आई, घरात हसलं बाळ.*

ते बाळ म्हणजे दूधवालीची मुलगी. तिचा श्वास अडकला होता, ओठ निळे पडले होते. मी त्या दिवशी धुक्यातून आलो. चादर दिसत नव्हती. तेव्हा मेंढपाळाने, म्हणजे तिच्या आजोबाने, आपलं टोक दातांत धरलं आणि मोकळ्या हातांनी दिवटी हलवली. पुढे मुलगी बरी झाली. लोक तिला गमतीने भुंगी म्हणू लागले आणि तेच नाव पडलं.

तीन वर्षं अशी गेली. दर वर्षी एकदा मिस्त्रींची लेक स्वतः पाऊलवाटेने वर येऊन सगळ्यांना भेटून जाई. मित्रांनो, आपल्या येण्याची कुणीतरी वाट पाहावी, याहून मोठं सुख मला ठाऊक नाही.

मग लढाई सुरू झाली. कोण कुणाशी लढत होतं ते मला नीट कळलं नाही. आकाशातून पाहिलं तर मध्ये रेघ दिसत नाही. पण कागदावर ती असते, आणि आता ती आमच्या खिंडीतूनच गेली होती. एक दिवस शेडमध्ये एक कागद आला. त्यावर माझा तोच शब्द होता, 'बहुउपयोगी', आणि त्याखाली लाल रेघ. माझा पिवळा रंग खरवडला, वर राखाडी चढवला. चार बोल्ट सोडवले, औषधांची पेटी काढून फळीवर ठेवली आणि तिच्या जागी एक मोठा डोळा बसवला. तो डोळा आकाशातून माणसाच्या सदऱ्याची बटणं मोजू शके.

मिस्त्री फळीवरच्या पेटीकडे बघत म्हणाले, "तू नको जाऊस. यंत्र नेतायत, नेऊ दे."

"मी नाही गेले तर दुसरा कुणी उडवेल, बाबा. त्याला त्या खिंडीतला वारा ठाऊक नाही. आपटवेल."

"मग आपटू दे की!"

"असं काय बोलता हो? अकरा वेळा तोल बघितलात तुम्ही याचा."

मिस्त्रींनी मला नेहमीसारखं दोन बोटांवर उचललं. डोळे मिटले. "पोटात जडावलाय," एवढंच म्हणाले. या खेपेला पोरीकडे काढून टाकायला शिसं नव्हतं.

सात महिने मी पूल पाहिले, रस्ते पाहिले, गाड्यांच्या रांगा पाहिल्या. मी जे पाहत असे, ते थोड्या वेळाने धुरात जात असे. सुरुवातीला मला त्यातला संबंध कळत नव्हता. मग कळू लागला. मला डोळा मिटता येत असता तर मी मिटला असता.

आता त्या सकाळची गोष्ट. तिचा अर्धा भाग मी वरून पाहिला. उरलेला अर्धा, म्हणजे खाली ज्या बंद लष्करी गाडीत बसून मला हाकलं जाई, तिच्यात काय बोलणं झालं ते, पुढे मला मिस्त्रींच्या लेकीच्या तोंडून कळलं.

ऊन स्वच्छ होतं. गाडीत ती पडद्यापुढे बसली होती आणि तिच्या शेजारी तोफांचा साहेब होता, कानाला फोन लावून. साहेब काही राक्षस नव्हता. त्याच्या खिशात घरून आलेलं एक पत्र होतं. घडीवर फाटेपर्यंत त्याने ते वाचलं होतं. पण मागच्या आठवड्यात खिंडीपलीकडून आलेल्या गोळ्यांनी त्याची नऊ माणसं गेली होती, आणि तिकडे कुठेतरी तोफ लपवली आहे असं त्याला सांगितलेलं होतं. तो म्हणाला, "खिंडीतून घ्या आत. तो उतार दाखवा."

तिने मला खिंडीत घातलं. वाऱ्याने माझ्या शेपटीला धक्का दिला. आणि तिचा अंगठा, तीन वर्षं जे करत आला तेच करून बसला. त्याने डोक्याला विचारलंच नाही.

घुर्र. घुर्र.

दवाखान्याचं दार उघडलं. नर्सबाई धावत बाहेर आल्या, चादर काखेत. सात महिन्यांत त्यांच्याकडे औषध आलं नव्हतं. गुरुजी हातातल्या खडूसकट वर्गातून आले. दूधवालीने दुधाची बादली वाटेतच ठेवली. मेंढपाळाने काठी फेकली आणि म्हातारपणाला न शोभेल असा पळत आला. चौघांनी चार टोकं धरली. त्यांच्या मागे बायका, पोरं, काठी टेकत आलेले आजारी, सगळी अंगणात जमली. सगळी मान वर करून हसत होती. पूर्वी माझा डोळा लहान होता, त्यात माणसं म्हणजे चार ठिपके. त्या दिवशी मला पहिल्यांदा चेहरे दिसले. नर्सबाईंच्या पुढच्या दातांत फट आहे, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

आणि माझ्या पोटाला औषध नव्हतं. तो डोळा होता.

गाडीत साहेब पुढे वाकला. "हे काय पसरतायत?"

तिने पडद्यावर बोट ठेवलं. "चादर आहे, साहेब. औषधासाठी."

"आपण कुठे औषध आणलंय?"

"नाही आणलं. पण त्यांना काय ठाऊक? मी त्यांना बोलावलं... म्हणजे अंगठा दाबला गेला, सवयीनं. ते मला औषधवाली समजतायत."

"तुम्ही इशारा दिलात? तिकडच्या लोकांना?"

"तिकडचे-इकडचे काय हो! ती नर्सबाई आहे. ते शाळेचे गुरुजी आहेत. तो म्हातारा मेंढ्या राखतो. मी नावानिशी सांगते एकेक."

"पायलटबाई, पांढरी खूण पसरून माणसं गोळा होतायत. हे मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा कापडाखालून तोफ निघाली." आणि त्याने फोनमध्ये तोफांना त्या जागेचे तीन आकडे सांगितले.

पहिला गोळा खूप खाली, उतारावर पडला. पहिला गोळा अंदाजाचा असतो, मित्रांनो. तो कुठे पडला ते माझा डोळा दाखवतो, मग दुसरा सुधारतात, तिसरा नेमका मारतात. धुराचा लोट उठला. अंगणातले बरेच लोक पळाले. पण ती चौघं हलली नाहीत. ती खाली वाकली, पण टोकं सोडली नाहीत. मला मेंढपाळाचं तोंड हलताना दिसत होतं. तो काय ओरडत होता ते गुरुजींनी पुढे सांगितलं: "सोडू नका रे! बाटल्या फुटतील!"

"दोनशे पावलं वर," साहेब फोनमध्ये म्हणाला.

मिस्त्रींच्या लेकीने पडद्याकडे पाहिलं. पडद्याच्या मधोमध पांढरा चौकोन होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांना चार माणसं. तिने कांडी पुढे ढकलली आणि पार टोकाला नेऊन धरून ठेवली.

माझं नाक खाली गेलं. डोंगर उलटा झाला. चादर बाजूला सरकली, दरीतला ओढा वर येऊ लागला. वाऱ्याची अशी शीळ मी कधी ऐकली नव्हती. मला मिस्त्रींचं वाक्य आठवलं, आपटू दे की. मला भीती वाटली का? वाटली. पण एक सांगतो, त्या सात महिन्यांत मी पहिल्यांदाच तिच्या हातात हलका होतो.

मी खडकावर आदळलो. डोळा फुटला. गाडीतला पडदा काळा झाला.

दुसरा गोळा तोवर निघाला होता. तो अंगणाच्या कडेला, मेंढपाळाच्या टोकापाशी पडला. तिसरा आलाच नाही. आंधळी तोफ कुठे मारणार?

मेंढपाळ गेला. नर्सबाई वाचल्या, पण त्यांचे कान गेले. माझा आवाज सगळ्यांच्या आधी ऐकणारे ते कान.

मिस्त्रींच्या लेकीला तिथूनच धरून नेलं. लढाईत सरकारी यंत्र मुद्दाम पाडलं, हा तिचा गुन्हा. चार वर्षांची शिक्षा झाली. खटल्याच्या कागदांत माझं वजन होतं, माझ्या डोळ्याची ताकद होती, माझा तो लाडका शब्दही होता. चादर कुठेच नव्हती.

मी दोन हिवाळे ओढ्यात पडून होतो. एक पंख पहिल्याच पुरात वाहून गेला. इंजिनात एका पालीने अंडी घातली. लढाई संपली हे मला एका सकाळी कळलं, कारण त्या दिवशी पक्षी गाता गाता तोफेच्या आवाजाने अर्ध्यात थांबले नाहीत. त्यानंतर गुरुजींना मी सापडलो. त्यांनी मला खांद्यावर टाकून दवाखान्याच्या अंगणात आणलं.

लोक जमले. कुणी म्हणालं, जाळा. कुणी थुंकलं. दूधवाली पुढे आली. तिच्या दोन्ही हातांत एक मोठा काळा दगड होता. तिने तो डोक्यावर उचलला आणि तशीच उभी राहिली.

"हिला यानंच वाचवलं," ती भुंगीकडे बघत म्हणाली, "आणि बाबांना यानंच... मी काय करू गं बाई? अर्धंच कसं फोडू याला?"

नर्सबाईंना ऐकू आलं नव्हतं, पण तिचं तोंड त्यांनी वाचलं. कान गेल्यापासून त्या फार मोठ्याने बोलत. त्या म्हणाल्या, "माझ्या औषधांच्या खोलीत टांगा त्याला. त्यानं आणलेल्या औषधावर जगलेली पोरं इथली, आणि त्याच्यापायी गेलेला माणूसही इथलाच. दोन्ही रोज दिसू दे."

दूधवालीने दगड खाली ठेवला. तो कुठे ठेवायचा हे तिला सुचेना. शेवटी तिने तो अंगणाच्या त्या कडेला ठेवला, जिथे तिचे वडील उभे राहत.

तेव्हापासून मी इथे आहे. चादरही इथेच, खालच्या पेटीत. दर वर्षी थंडी सरली की तिघं मिळून तिला धुतात. एका कोपऱ्यावरचा डाग निघत नाही. अंगणात वाळवताना तिघं तीन टोकं धरतात, झटकतात, ताणतात. चौथ्या टोकावर तो काळा दगड ठेवतात.

मागच्या वर्षी चादर अशीच ताणलेली असताना पाऊलवाटेने एक बाई वर आली. केस अकाली पांढरे झालेले, पाठीवर कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. मी खिडकीतून तिला ओळखलं. गुरुजींनीही ओळखलं, आणि त्यांच्या हातातलं टोक सैल झालं. नर्सबाईंनी वळून पाहिलं.

मिस्त्रींची लेक अंगणात बसली. गुरुजींच्या पाटीवर तिने सावकाश लिहिलं: *त्या दिवशी मीच बोलावलं होतं तुम्हाला.*

नर्सबाईंनी वाचलं आणि भल्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "हे सांगायला दोन दिवस चालत आलीस? मला ठाऊक आहे ते. दोनदा गुरगुरलं, तेव्हाच म्हटलं, हाकणारी तीच आहे. म्हणून तर धावले." मग पाटी तिला परत देत त्या म्हणाल्या, "स्फोटाआधी माझ्या कानांनी ओळखलेला शेवटचा आवाज तोच, पोरी. तो अजून आहे कानात. दुसरं काही येतच नाही त्याच्यावर."

ती रडली नाही. मला वाटतं, तिचं रडणं तुरुंगातच संपलं असावं. तिने पाठीवरचं कापड सोडलं. आत एक पंख होता. नवा, पिवळा. मिस्त्रींना आता दिसत नाही, त्यांनी बोटांनी चाचपून केला होता.

भुंगी दवाखान्याच्या दाराआड उभी होती. पंख बघताच ती आत पळाली आणि बाकाखाली शिरली. इथली सगळी मुलं तशीच आहेत. कुठे काही गुरगुरलं की ती बाकाखाली जातात. टाळ्यांचं ते गाणं आता कुणी म्हणत नाही.

नर्सबाईंनी ते पाहिलं. पंखावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, "ठेव हा. आत्ता लावू नकोस. ही पोरं आपणहून विचारतील ना, हे कधी उडणार, त्या दिवशी लाव."

चादर वाऱ्यावर फडफडत होती. मिस्त्रींची लेक उठली. तिला जायचं होतं, पण पाय कुणीकडे वळवावेत ते कळत नव्हतं.

तेव्हा दूधवाली म्हणाली, तिच्याकडे न बघता, "तो दगड उचल. जड आहे, सांभाळून."

मिस्त्रींची लेक त्या कडेला गेली. तिने दगड उचलला, बाजूला ठेवला आणि चादरीचं चौथं टोक हातात घेतलं. चौघांनी चादर ताणली. चौघांनी घडी घातली. घडी घालताना टोकं जुळवायला दूधवाली आणि ती समोरासमोर आल्या, अगदी बोटांना बोटं लागेपर्यंत. दूधवालीने टोक तिच्या हातातून घेतलं. हात मात्र लगेच सोडवला नाही.

ती परत खाली राहायला गेली नाही. मी चाळीस मिनिटांत जे आणायचो, ते ती आता पाठीवर बांधून दोन दिवसांत आणते. पाऊलवाटेवर ती स्वतःशी काहीतरी गुणगुणते. वारा इकडचा असला की मला ऐकू येतं:

*डोंगराची वाट माझ्या पायांना गं पाठ,*
*पाठीवर औषधं, आणि मनामध्ये गाठ.*

कधीकधी ती पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. त्या दिवशी ती माझ्याखाली खोक्यांवर बसते आणि माझ्याकडे बघत नाही. ज्या गोष्टी मी पाहिल्या नव्हत्या, त्या मला तिने अशाच दिवशी सांगितल्या.

परवा खिडकीतून एक खरा भुंगा आत आला. बाहेरच्या वेलीवरून चुकून आलेला, जाडजूड, पिवळ्या केसांचा. भुंगी लगेच बाकाखाली. मिस्त्रींची लेक गुडघ्यांवर बसली आणि खाली वाकून म्हणाली, "फुलासाठी आलाय गं तो."

आतून प्रश्न आला, "किती वेळा गुरगुरला?"

"एकदाच."

बाकाखालून दोन डोळे भुंग्याकडे बघत राहिले. मग भुंगी म्हणाली, "मावशी, आणखी जरा थांबूया. दोनदा नाही ना करत, बघूया." आणि दोघी थांबल्या, एक बाकाखाली, एक जमिनीवर, भुंगा खिडकीतून निघून जाईपर्यंत.

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या माझ्यासारखी विमानं बनवतील, काही जण ती उडवतील, काही जण कागदावर सही करतील. माझ्या पोटाच्या चार बोल्टांना काय बसवायचं, हे मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला बोलता आलं नसतं. तुम्हाला बोलता येतं. म्हणून बोल्ट आवळण्याआधी एकदा विचारा, हे कशासाठी? आणि वरून खाली बघाल तेव्हा ठिपके बघू नका. कुणाच्या दातांत फट आहे, कुणाच्या हाताला खडू लागला आहे, ते बघा. दिसेपर्यंत थांबा.

मिस्त्रींचा पंख खालच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवलेला आहे. त्याच्यावर धूळ बसते, मिस्त्रींची लेक ती पुसते. हे कधी उडणार, असं अजून कुणी विचारलेलं नाही.